रुक्मीचा रेटा

सुनंदा हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला, तर एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी अडीच वाजता. कुठे झाला, तर नागपुरात, नंदनवनातल्या एका घराच्या वरच्या खोलीत, कूलरसमोर. कोणी केला, तर मी.

पत्रकं लिहून लिहून ही सवय लागली आहे. कोणावर, कोणी, कधी, कुठे हे पहिल्या चार ओळींत यायलाच पाहिजे, नाहीतर वाचणारा कागदाची पुडी करून त्यात फुटाणे घेतो. पण आज मी पत्रक लिहायला बसलेलो नाही. आज सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरलं. स्वतः, खालच्या नळावरून बादल्या आणून, वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा. आणि ताट्या भिजून वाळ्याचा वास सुटला तसा तो सगळा उन्हाळा परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला. उठायला तयार नाही.

आमच्या हमालांच्या संघटनेची नागपूरबाहेर वाडीला भाड्याची खोली आहे. खाली ट्रान्सपोर्टचं गोडाऊन, वर आम्ही. दिवसभर ट्रक मागे घेणाऱ्यांचं ‘आने दो, आने दो’ चालू, खिडकीत डिझेलचा धूर आणि मिरच्यांच्या पोत्यांचा खकाणा. कुणीतरी गंजलेला कूलर दिला, त्याला मी नव्या ताट्या बसवल्या. पंपाने पहिलं पाणी वर ओढलं, ताटीवरून थेंब ओघळायला लागले, पंखा फिरला. नागपूरच्या माणसाचा उन्हाळा असा नाकातून सुरू होतो. मग तो पुढे कितीही पोळो, आधी हा ओला, मातकट, मुळांचा वास येतो आणि माणूस उगाच लहान होतो.

मी सतरा वर्षांचा झालो. बारावीची परीक्षा संपलेली, निकाल जूनमध्ये. मधले दोन महिने म्हणजे कुणाच्याच मालकीचे नव्हते.

नंदनवनात आमच्या वर्गातला प्रमोद राहायचा. त्याला सगळे पम्या म्हणायचे. त्याच्या वरच्या खोलीत कूलर होता आणि त्याच्याकडे एक पुस्तक होतं. त्याच्या परदेशातल्या काकांनी पाठवलेलं, जाड, इंग्रजी, मुखपृष्ठावर कसला तरी अक्राळविक्राळ प्राणी. ते पुस्तक म्हणजे एका खेळाचे नियम होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने पंच व्हायचं आणि समोर काय दिसतंय ते सांगायचं: जंगल आहे, पूल आहे, पुलावर दरोडेखोर उभा आहे. बाकीच्यांनी प्रत्येकी एक माणूस मनाने घडवायचा आणि आपला माणूस काय करतो ते सांगायचं. त्या माणसाचे गुण वहीत आकड्यांनी लिहायचे. जोर किती, चपळाई किती, अक्कल किती. सगळ्यात मोठा आकडा अठरा.

आकडे ठरवायला पुस्तकात नाना तोंडांचे फासे सांगितले होते. वीस तोंडांचा फासा नागपुरात कुठे मिळणार? आम्ही महालात दोन दुकानांत विचारलं. दुसऱ्या दुकानदाराने आमच्याकडे असं पाहिलं की तिसरीकडे गेलोच नाही. मग मी आईच्या मडक्यातून वीस चिंचोके घेतले, त्यांची एक बाजू फरशीवर घासून पांढरी केली आणि शाईने एक ते वीस आकडे घातले. तुपाच्या रिकाम्या डब्यात ते टाकले. डबा हलवायचा, न बघता हात घालायचा, एक चिंचोका काढायचा. माणूस घडवताना एकोणीस आणि वीस बाजूला ठेवायचे. डब्यातल्या चिंचोक्यांचा तो खुळखुळ अजून माझ्या कानात आहे. अजून चिंचेच्या झाडाखालून जाताना मी थांबतो.

पम्या, वर्गातलाच गिरीश आणि मी. तिघे मिळून शब्दकोश घेऊन बसायचो आणि नियमांचं मराठी करायचो. मला मान्य केलं पाहिजे की आम्ही ते फार प्रेमाने केलं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, खिडक्यांना ओले पडदे, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून सायकलवर आलेलो. आत अंधार आणि गारवा, आणि तीन टाळकी एका वाक्यावर वाकलेली. पुस्तकातल्या बर्फाच्या डोंगराची आम्ही रामटेकची टेकडी केली. घोड्यांचे बैल केले, कारण घोड्याला काय खायला घालतात ते आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नव्हतं. धर्मशाळेच्या जागी चहाची टपरी आली. राक्षस काढून पिंपळावरचा मुंजा बसवला. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की नियम पंचाच्या हातात आहेत, खेळ चांगला होण्यासाठी त्याने ते खुशाल बदलावेत. आम्ही खुशाल बदलत होतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढे त्याचा जाब द्यायचा आहे.

लढाईच्या प्रकरणात आम्ही अडलो. एक डाव असा होता की शस्त्र बाजूला टाकायचं, खांदा लावायचा आणि निव्वळ अंगच्या बळावर समोरच्याला मागे सारायचं. डब्यातून चिंचोका काढायचा. त्यावरचा आकडा आपल्या जोराइतका किंवा त्याहून कमी निघाला तर डाव लागला, समोरचा एक पाऊल मागे. मागे जमीन नसेल तर तो पडला. आकडा जास्त निघाला की आपण पडलो. एका लढाईत एकदाच. डाव कळला, पण त्याला म्हणायचं काय?

“धक्का,” गिरीश म्हणाला.

“धक्का बसमध्ये लागते बे,” पम्या म्हणाला.

दारातून आवाज आला, “रेटा म्हणा न गा. बंडी चिखलात फसली का मांगून देतेत तो रेटा.”

दारात सुनंदा उभी होती, हातात भरलेली बादली. ती पम्याची आतेबहीण. उमरेडकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. गावात शाळा दहावीपर्यंतच, म्हणून दोन वर्षं मामाकडे शिकायला राहिलेली. आमच्याच वयाची, आमच्यासारखीच परीक्षा देऊन निकालाची वाट बघत. फरक इतकाच की तिचे दोन महिने मामीच्या मालकीचे होते. कूलरला पाणी भरणं हे त्यातलं एक काम. नळ खाली अंगणात, खोली वर, मध्ये एकोणीस पायऱ्या. तो कूलर एका दुपारी सहा बादल्या प्यायचा. ती बादली वर आणायची, कूलरचं मागचं झाकण उघडायची, छातीइतक्या उंचीवर बादली उचलून एका दमात ओतायची. थेंब सांडायचा नाही. आम्ही पाय वर घ्यायचो, इतकंच.

तर त्या डावाचं नाव रेटा पडलं. नाव दिलं आणि ती गेली नाही. रिकामी बादली पायाशी ठेवून उभी राहिली.

“मले पण एक माणूस बनवून द्या.”

“तुले समजन का?” पम्या म्हणाला.

“नाव कसं सुचलं मंग?”

मी पंच होतो. मी डबा पुढे केला.

तिने हात घातला. तिचा हात मला नीट आठवतो, कारण तो डब्यात जाताना तळव्यावर बादलीच्या कडीचा लाल वळ होता. तो वळ आणि त्याच्या मागोमाग बाहेर आलेला चिंचोका. अठरा. जोराचा अठरा. आम्हा तिघांत कुणालाच तो निघाला नव्हता. पम्याच्या वीरसेनाचा जोर पंधरा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“तुझा माणूस कोण? तलवारवाला करू?” मी विचारलं.

“तलवार नको. तुमचं सामान कोण उचलते?”

आमच्या लक्षात आलं की आठ दिवस आमची टोळी जंगलातून फिरत होती आणि तंबू, धान्य, भांडी कोण वाहतंय हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

“बाईच कर,” ती म्हणाली. “सामान नेणारी. रुक्मी नाव लिही.”

मी लिहिलं. रुक्मी. जोर अठरा. माझ्याच वहीच्या पानावर, निळ्या शाईने.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला खूप लिहावंसं वाटतं आणि लिहिण्यासारखं फार काही घडलं नाही. ती भांडी आटोपून यायची, ओढणीच्या टोकाने तोंड पुसत भिंतीला टेकून बसायची. मधूनच खालून मामीची हाक यायची, “सुनंदे, कपडे काढून घे वं, लू लागून कडक होऊन राहिले,” आणि ती म्हणायची, “रुक्मी झोपली हाय, तिले उठवू नका,” आणि धावत जायची. ती परत येईपर्यंत आम्ही खरंच रुक्मीला झोपवून ठेवायचो. कधी येताना ओढणीत कैरीच्या फोडी, तिखट-मीठ लावलेल्या. वहीच्या त्या पानावर अजून एक पिवळा डाग आहे.

आणि रुक्मी रेटा द्यायची. किल्ल्याचं दार अडकलं, रुक्मी. टपरीवर मुंजाने झडप घातली, रुक्मी. दर वेळी सुनंदा डब्यात हात घालायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायची, आणि चिंचोका काढताना खालचा ओठ दातात धरायची. डाव लागला तर अशी हसायची की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मामी खाली झोपलेली असायची ना. अख्ख्या घरात ती एकाच खोलीत बसून असायची आणि ती खोली ही होती. रुक्मीच्या पाठीवर अख्ख्या टोळीचं ओझं होतं, पण तिला कुणी हाक मारून उठवत नव्हतं. मला हे तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला एवढंच कळायचं की ती आली की खेळ चांगला होतो.

पम्याला ते आवडत नव्हतं. तोही वाईट नव्हता. पुस्तक त्याचं, काका त्याचा, खोली त्याची, आणि पराक्रम मात्र सामान उचलणारीचा. सतराव्या वर्षी एवढं पुरतं.

तिसरा मंगळवार. मोठी लढाई. नदीवर अरुंद पूल, पुलाच्या मध्यावर दरोडेखोरांचा म्होरक्या. आमच्यातला एकच जण पुढे होऊ शकत होता. रुक्मी पुढे झाली. सुनंदाने तळवे घासले. मी डबा हलवला. तिने हात घातला आणि चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. सोळा.

अठराच्या आत सोळा. म्होरक्या पडला. गिरीशने मांडीवर थाप मारली. सुनंदाचे खांदे हलायला लागले होते.

“थांब,” पम्या म्हणाला.

त्याने पुस्तक उघडलं. त्याचं बोट आधीच त्या पानात होतं, म्हणजे पान त्याने आम्ही यायच्या आधीच शोधून ठेवलेलं होतं. बारीक अक्षरातला तक्ता. कोणत्या जातीच्या प्राण्याचा जोर किती असू शकतो, आणि त्या प्रत्येकात पुरुषाचा किती, बाईचा किती. बाईचा सगळीकडे कमी.

“अठरा नाही होऊ शकत बाईचा. पुस्तकात हाय.”

तक्त्यातला आकडा आमच्या खेळात नेमका कुठे बसतो यावर थोडी हुज्जत झाली. बैल, टपरी, मुंजा यांच्यामुळे आमचा हिशोब पुस्तकापासून फार लांब आला होता. शेवटी पम्याने चौदा म्हटलं. गिरीश खिडकीकडे बघायला लागला. सुनंदा माझ्याकडे बघत होती, कारण पंच मी होतो.

पहिल्या पानावरचं ते वाक्य मला पाठ होतं. नियम पंचाच्या हातात आहेत. मी घोड्याचा बैल केला तेव्हा पुस्तक आडवं आलं नव्हतं. रामटेकची टेकडी उचलून परदेशातल्या बर्फावर ठेवली तेव्हा पुस्तक आडवं आलं नव्हतं. पण पुस्तक पम्याचं, खोली पम्याची, कूलर पम्याचा. माझे काय होते, वीस चिंचोके. उद्या त्याने येऊ नको म्हटलं तर मी उरलेला उन्हाळा कुठे घालवणार होतो?

“पुस्तकात आहे,” मी म्हणालो.

आणि पेन काढून अठरावर आडवी रेघ मारली. बाजूला चौदा लिहिले. चौदापेक्षा सोळा जास्त, म्हणजे रेटा फसला. मी पंचाच्या आवाजात सांगितलं की रुक्मीचा खांदा निसटला, तोल गेला आणि ती कठड्यावरून खाली नदीत पडली. मग वीरसेन पुढे झाला. त्याने म्होरक्याला मारलं. कसं मारलं ते मला आठवत नाही.

त्या दिवसानंतर सुनंदा खेळायला बसली नाही. पाणी भरायला येत राहिली. बादली ओतायची, झाकण लावायची, जायची. जूनमध्ये निकाल लागला. ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि गावी गेली.

पुढची पाच वर्षं मी मोर्चे, सभा, भिंती रंगवणं यांत घातली. नियमांवर चिडणं हा माझा धंदा झाला. गेल्या महिन्यात वाडीच्या एका गोडाऊनच्या दारात मी मुकादमाशी भांडत होतो. तिथे बायका पोती उचलतात. रेवताबाई म्हणून आहेत, आमच्या संघटनेच्या. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये अशा चढतात की फळी कुरकुरत नाही. पण हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘झाडणारी’ लिहिलेलं असतं. हमालाचा बिल्ला बायकांना नाही. मी म्हटलं, काहून नाही? मुकादम शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “बाईले पोतं झेपत नाही, साहेब. नियमात हाय.” त्याच्या मागून त्याच वेळी रेवताबाई पोतं घेऊन चालल्या होत्या.

मुकादमाचा आवाज मला माझ्या ओळखीचा वाटला. वरच्या खोलीतला, पंचाचा.

त्या दिवशी घरी जाऊन मी जुनी वही काढली.

सुनंदाचं लग्न होऊन ती जरीपटक्याला आली आहे हे मला गिरीशकडून कळलं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याची पिठाची चक्की. गेल्या आठवड्यात पत्रकांचा गठ्ठा, ते पान आणि चिंचोक्यांचा डबा पिशवीत घालून मी गेलो. दुपारची वेळ, चक्कीची घरघर, सगळ्या वस्तूंवर पीठ. नवरा यंत्राचा पट्टा आणायला गेलेला. ती एकटीच होती. एक बाई गव्हाचा डबा ठेवून गेली. सुनंदाने तो उचलला, डोक्याच्या वर नेला आणि यंत्राच्या तोंडात ओतला. एक दाणा सांडला नाही. मग तिने मला पाहिलं. भुवयांवर पीठ.

“पंच,” ती म्हणाली. “तुले कोणी जेवाले देत नाही का गा? हाडंच दिसून राहिले.”

तिने स्टूल पुढे केलं. मी भाषणाची तयारी करून गेलो होतो. अन्याय, दुहेरी मापदंड, पुरुषी व्यवस्था, सगळं. पान काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडात धरलं. रुक्मी. जोर अठरा, अठरावर रेघ, बाजूला चौदा.

“अक्षर तसंच हाय तुयं. घाणेरडं.”

“मी चुकलो, सुनंदा. अडीच वाजता मी ते खोडलं...”

“सोळा निघाला होता,” ती म्हणाली. “मले आठवते. पण ते एवढं नाही लागलं.”

“मग?”

तिने एका पिशवीचं तोंड बांधलं, दुसरीचं सोडलं. “खेळात होते तसं. कोणी हारते. मी म्हटलं, उद्या दुसरी बाई बनवीन, चौदावाली. बसूनच होती मी, भिंतीले टेकून. मंग थोड्या टाइमानं हवा गरम येऊन राहिली, अन् तू वर न पाहता म्हणला, सुनंदे, पाणी संपलं वं.” ती माझी नक्कल करून म्हणाली. नक्कल चांगली होती. “तवा मले समजलं का मी कोण हाय तुमच्या खोलीत. पम्या म्हणते त्याचं काही नाही, तो भाऊच हाय. तू म्हणला.”

चक्की घरघरत होती. मला हे आठवतच नव्हतं. मी मारलेली रेघ पाच वर्षं उराशी धरून बसलो होतो, त्या रेघेवर चिडायला मला आवडायचं, कारण त्यात निदान एक नियम होता, एक पुस्तक होतं, एक तक्ता होता. त्या हाकेत काहीच नव्हतं. ती फक्त माझी होती.

मी पहिली ओळ खोडत नाही. खोडाखोडी मी एकदा केली आहे. फक्त दुरुस्ती जोडतो: अडीच नव्हे, पावणेतीन.

तेवढ्यात तिने माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलून वाचायला घेतलं. गिऱ्हाईक थांबलेलं. “लय लंबं लिहिते रे तू,” ती म्हणाली, पण सगळं वाचलं. बिल्ल्याच्या मागणीपाशी बोट ठेवलं. “हे बराबर हाय. तुमच्या मीटिंगा कुठं होतेत?”

“आमच्या खोलीवर. वाडीला.”

“तिथं पाणी कोण भरते?”

मी सांगितलं की माठ रेवताबाई भरून ठेवतात. त्या येता येता खालून घेऊन येतात. सांगताना माझा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. सुनंदाने पत्रकाची नीट घडी केली आणि आपल्या गल्ल्याच्या खाली ठेवली.

जायला उठलो तेव्हा डब्याचं आठवलं. डबा तिच्यासमोर हलवला. चिंचोके खुळखुळले आणि तिच्या तोंडावर काहीतरी झालं, पिठाखाली.

“पुन्हा काढ,” मी म्हटलं. “अठरा धरून. रुक्मी पुलावर आहे.”

“पुलावर कुठं? तुनं पाडली न तिले.”

“मी परत उभी करतो.”

“काहून? पडली ते पडली.” तिने पुन्हा ते पान पाहिलं. मग एकदम विचारलं, “नदीले पाणी किती होतं?”

मी आठवून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

“मे महिना होता न गा,” ती म्हणाली. “मे महिन्यात आपल्याकडं कोणत्या नदीले पाणी असते? रेती असन नुसती. पूल तरी केवढा, बंडी जाईन एवढा. पडली असन धप्पकन. उठली असन, लुगडं झटकलं असन, अन् गेली असन पल्याड चालत. तुम्हीच तिकडं वरून पाहिलं नाही.”

आणि तिचे खांदे हलले. आवाज न करता, तसेच. इथे खाली कुणी झोपलेलं नव्हतं, चक्कीचा एवढा आवाज होता, तरी तसेच.

डबा तिने ठेवून घेतला. तिची दोन वर्षांची मुलगी आहे, आत झोळीत निजलेली. “हिले आकडे शिकवाले होईन,” म्हणाली. पान मात्र मला परत दिलं. “हे तुयं हाय. तूच ठेव.”

मी परत वाडीला आलो. पाच वर्षं मी जिला नदीत बुडवून ठेवली होती ती रेतीतून चालत होती, पाठीवर अख्ख्या टोळीचे तंबू आणि भांडी घेऊन, उन्हातान्हात. मुकादमाशी भांडण चालू आहे, बिल्ला अजून मिळालेला नाही, तो आम्ही घेऊच. पण त्या संध्याकाळी रेवताबाई माठाकडे वळल्या तेव्हा मी त्यांच्या हातातली कळशी घेतली. त्या घाबरल्या. “काय झालं, साहेब? काही चुकलं का माझं?” असं विचारलं त्यांनी. माझ्या सगळ्या चळवळीवर एवढी कडक टीका आजवर कुणी केलेली नाही.

आज सकाळी कूलर भरला. सहा बादल्या. तिसऱ्या बादलीला पायरीवर सांडलं, पाचवीला ताटीवर ओतलं, सहावीला दम लागून कूलरच्या काठावर टेकलो. आता तळव्यावर लाल वळ आहे. लिहिताना पेन त्याच्यावरच टेकतंय.

शेवटी मागणी असते, तशी इथेही आहे, आणि ती सरकारकडे नाही, मुकादमाकडे नाही, तुमच्याकडे आहे. हे तुम्ही बहुतेक दुपारी वाचत असाल, पाठीवर गार वारा घेत. थोड्या वेळाने तो वारा कोमट होईल आणि तुम्ही वर न बघता कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडाल. उघडू नका. उठा. बादली घ्या, खाली जा, भरा, वर आणा, ओता. सहाही आणा. आणि रोज जी आणते तिला तोवर तुमच्या जागेवर बसवा.